काळा कागद आणि पांढरा खडू

बालमित्रांनो, एक गोष्ट खरी खरी सांगा. वर्गातला खडूचा तुकडा गुपचूप खिशात टाकून घरी नेलाय की नाही कधी? घाबरू नका. मी शाळेतली बाई असले तरी आज रागावणार नाही. मीसुद्धा लहानपणी नेलेत. घरी जाऊन ओट्यावर, उंबऱ्यावर, बंबाच्या काळ्या पाठीवर रेघोट्या मारल्यात आणि आईचा मारही खाल्लाय!

आज मी तुम्हांला खडूचीच गोष्ट सांगणार आहे. म्हणजे खडूनं चित्रं काढणाऱ्या दोघांची. एक होता अमेरिकेतला तरुण चित्रकार. त्याचं नाव कीथ हॅरिंग. तो अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेला. दुसरा माझ्या वर्गातला, तिसरीतला मुलगा. त्याचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढं कळेलच तुम्हांला.

आधी माझ्या वर्गातल्या मुलाची गोष्ट सांगते.

ही गोष्ट २०१३ सालची. आमची शाळा जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची. वर्गाच्या मागच्या भिंतीला खालच्या बाजूला, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर, काळ्या रंगाचा लांब पट्टा रंगवलेला होता. पाढे, जोडाक्षरं, बेरजा असलं सगळं मुलांनी त्यावर लिहायचं आणि शाळा सुटताना पाळी असेल त्यानं पुसून टाकायचं, असा नियम होता.

हा मुलगा फार बोलायचा नाही. पण हातात खडू आला की त्याचा चेहराच बदलायचा. शनिवारी सकाळची शाळा असे आणि गणवेशाची सक्ती नसे. तेव्हा तो नेहमी एकच टी-शर्ट घालून यायचा. आठवडी बाजारातला, धुऊन धुऊन विटलेला, पिवळा. त्यावर छातीभर माणसं नाचत होती. जाड काळ्या रेघांनी काढलेली माणसं. नाक नाही, डोळे नाहीत, केस नाहीत. अंगाभोवती मात्र बारीक बारीक रेघा, जणू माणूस थरथरतोय, उड्या मारतोय. हीच माणसं तो मागच्या पट्ट्यावर काढायचा. खडू टेकवला की न उचलता सरसर रेघ फिरवायचा, आणि बघता बघता माणूस तयार!

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी त्याचे वडील वारले. बरेच महिने आजारी होते. गाव लहान, त्यामुळं कुजबूज लगेच सुरू झाली. ‘त्या’ रोगानं गेले म्हणे. कुणी रोगाचं नाव घेत नव्हतं, नुसतं ‘त्या रोगानं’ म्हणायचे आणि एकमेकांकडे बघायचे.

मग एक दिवस एका मुलीच्या आईनं मला फाटकापाशी गाठलं. म्हणाली, “बाई, आमच्या पोरीला त्याच्या शेजारी बसवू नका. राग मानू नका, पण जिवाला घोर लागतो बघा.” चार दिवसांत आणखी दोघी आल्या. तेच म्हणाल्या.

मी काय केलं असेल, सांगा बरं? तुम्हांला वाटेल, बाईंनी त्यांना समजावून सांगितलं असेल. नाही हो. मी नोकरीला नवी होते, गावाला घाबरत होते, आणि खरं सांगायचं तर त्या आजाराबद्दल मलाही धड माहिती नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला म्हटलं, “तू उंच आहेस. तुझ्यामुळं मागच्यांना फळा दिसत नाही. आजपासून तू मागं, खिडकीपाशी बस.”

वर्गात त्याच्याहून उंच अशी चार मुलं होती. त्यालाही हे माहीत होतं आणि मलाही. तो फक्त “हो बाई” म्हणाला, दप्तर उचललं आणि मागं जाऊन बसला.

दुपारी खिचडीच्या पंगतीत त्याच्या दोन्ही बाजूंना एकेका ताटाची जागा रिकामी राहू लागली. मुलांना असं करायला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती, बाईंनीच त्याला दूर बसवलं होतं ना!

आता त्याला एकच सोबती उरला, मागच्या भिंतीवरचा काळा पट्टा. मधल्या सुट्टीत बाकीची मुलं लंगडी, लगोरी खेळायची आणि हा तिथं बसून चित्रं काढायचा. संध्याकाळी ती पुसली जायची. एकदा न राहवून मी त्याला विचारलं, “अरे, रोज पुसून टाकतात. मग इतकं मन लावून कशाला काढतोस?” त्यानं मान वर न करताच उत्तर दिलं, “पुसलं तर बरंच की बाई. उद्या परत काढता येतं.”

त्या दिवशी मला त्याचं चित्र फारच आवडलं, म्हणून मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. एक बाळ रांगत होतं आणि त्याच्या अंगातून सगळीकडे किरण फुटत होते. माझा मावसभाऊ तेव्हा शहरात चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकत होता. रविवारी तो घरी आला तेव्हा मी त्याला तो फोटो दाखवला. तो हसायलाच लागला. म्हणाला, “अगं ताई, हे तर कीथ हॅरिंगचं बाळ! तुझ्या तिसरीतल्या पोरानं कुठं पाहिलं?” मी टी-शर्टचं सांगितलं. तर तो म्हणाला, “बरोबर. त्या माणसाला हेच हवं होतं. चित्र बाजारातल्या टी-शर्टवरून खेड्यातल्या पोरापर्यंत पोचावं, हेच.”

आणि मग त्यानं मला कीथ हॅरिंगची सगळी कहाणी सांगितली. पुढं मीही त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं. आता तीच कहाणी तुम्ही ऐका.

कीथचा जन्म ४ मे १९५८ चा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रीडिंग शहरात तो जन्मला आणि जवळच्याच कुट्झटाउन नावाच्या छोट्या गावात वाढला. चार भावंडांत तो थोरला. त्याच्या पाठच्या तिघी बहिणी. वडिलांना व्यंगचित्रं काढायचा नाद होता. ते छोट्या कीथला शेजारी बसवून चित्रं काढायला शिकवायचे. वॉल्ट डिस्ने यांची चित्रं आणि डॉ. स्यूस यांची पुस्तकं म्हणजे त्याचा जीव की प्राण.

शाळा संपल्यावर १९७६ मध्ये तो पिट्सबर्गच्या एका कलाशाळेत दाखल झाला. तिथं जाहिरातींसाठी लागणारी चित्रकला शिकवत. पण आपला जीव यात रमणार नाही, हे त्याला लवकरच कळलं. त्यानं ती शाळा सोडली, आणि १९७८ मध्ये, विसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कच्या ‘स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्‌स’मध्ये शिकायला आला.

न्यूयॉर्कमध्ये जमिनीखालून रेल्वे धावते. तिच्या स्थानकांत भिंतींवर जाहिरातींच्या चौकटी असतात. एखाद्या जाहिरातीची मुदत संपली, की दुसरी येईपर्यंत त्या चौकटीवर काळा कागद चिकटवून ठेवत. रोज लाखो माणसं तिथून जायची, पण त्या काळ्या कागदाकडे कोण बघणार?

कीथनं बघितलं! १९८० मध्ये एके दिवशी त्याला असा एक कोरा काळा कागद दिसला. तो तडक जिना चढून वर रस्त्यावर गेला, दुकानातून पांढऱ्या खडूंची पेटी विकत घेतली, खाली आला आणि चित्र काढू लागला. आपल्या वर्गातल्यासारखाच काळा फळा आणि पांढरा खडू, बरं का!

मग त्याला छंदच लागला. गाडीनं एका स्थानकावर उतरायचं, काळा कागद शोधायचा, भरभर चित्र काढायचं आणि पुढची गाडी पकडून पुढच्या स्थानकावर जायचं. एखाद्या दिवशी तर त्यानं तीस-चाळीस चित्रं काढली! आधी कच्चं रेखाटन नाही, खोडाखोड नाही. रेघ सुरू झाली की चित्र पूर्ण होऊनच थांबायची. रांगणारं तेजस्वी बाळ, भुंकणारा कुत्रा, उडत्या तबकड्या, नाचणारी माणसं. माणसांना चेहरे नसत. त्यामुळं तो माणूस काळा की गोरा, गरीब की श्रीमंत, आपला की परका, काही कळायचं नाही. तो कुणीही असू शकतो. तो तुम्हीही असू शकता!

चित्र काढताना भोवती गर्दी जमायची. लहान मुलं विचारायची, हे काय आहे? तो त्यांच्याशी गप्पा मारायचा आणि खिशातून बाळाचं किंवा कुत्र्याचं चित्र असलेला बिल्ला काढून फुकट देऊन टाकायचा. पोलिसही यायचे हं! रेल्वेच्या भिंतींवर विनापरवाना चित्रं काढणं गुन्हा होता. त्यानं अनेकदा दंड भरला, हातात बेड्याही पडल्या. (आता हे वाचून तुम्ही एस.टी. स्टँडच्या भिंती रंगवायला निघू नका. नाहीतर तुमचे आईबाबा मला पत्र लिहितील!)

यातली गंमत काय, सांगू? त्या काळ्या कागदावर थोड्याच दिवसांत नवी जाहिरात चिकटणार, आपलं चित्र झाकलं जाणार, हे कीथला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरीही पाच वर्षं तो खडूनं काढत राहिला. पुढं त्याचं नाव झालं, तसे लोक ते काळे कागद हळूच सोलून नेऊन विकू लागले. जी चित्रं सगळ्यांनी येता-जाता पाहावीत म्हणून काढली, ती चोरून बंद घरात जाऊ लागली. तेव्हा १९८५ च्या सुमारास त्यानं स्थानकांतली चित्रं काढणं थांबवलं.

एव्हाना त्याची चित्रं मोठमोठ्या कलादालनांत हजारो डॉलरना विकली जात होती. दुसरा कुणी असता तर तेवढ्यावर खूश झाला असता. पण कीथला वाटायचं, एवढी किंमत मोजून चित्र विकत घेणारे किती? ज्या शाळकरी पोरांना मी बिल्ले वाटायचो, त्यांनी काय करायचं? म्हणून १९८६ मध्ये त्यानं न्यूयॉर्कमध्ये ‘पॉप शॉप’ नावाचं दुकानच काढलं. टी-शर्ट, बिल्ले, पोस्टर, सगळं त्याच्या चित्रांचं आणि खिशाला परवडणारं. मनगटी घड्याळांवरची नक्षीसुद्धा त्यानं काढून दिली. कलाजगतातल्या काही शहाण्यांनी नाकं मुरडली. म्हणाले, चित्रकार आहे की दुकानदार? कीथनं तिकडे लक्ष दिलं नाही. त्याच्यासाठी टी-शर्ट म्हणजे चालता-फिरता काळा कागद होता. आमच्या आठवडी बाजारातला तो पिवळा टी-शर्ट काही त्याच्या दुकानातला नव्हता. कुणीतरी नक्कल करून छापलेला असणार. पण चित्राचा प्रवास तिथूनच सुरू झाला होता.

मुलांवर त्याचा फार जीव. १९८६ मध्ये ‘स्वातंत्र्यदेवी’च्या पुतळ्याला शंभर वर्षं झाली, तेव्हा त्यानं ९०० मुलांना घेऊन एक प्रचंड चित्र रंगवलं. १९८७ मध्ये पॅरिसमधल्या नेकेर या मुलांच्या रुग्णालयात जिन्याचा एक उंच मनोरा त्यानं रंगीत माणसांनी भरून टाकला. २७ मीटर उंच! म्हणजे जवळजवळ नऊ मजली इमारतीएवढा. खाटेवर पडल्या पडल्या आजारी मुलांना खिडकीतून काहीतरी हसरं दिसावं, म्हणून. ती चित्रं आजही तिथं आहेत.

चित्रातून तो बोलायचाही. न्यूयॉर्कमध्ये ‘क्रॅक’ नावाच्या मादक पदार्थानं तरुण पोरांचा नाश चालवला होता. कीथच्या मदतनीस मित्रालाही ते व्यसन लागलं. तेव्हा १९८६ मध्ये त्यानं एका मैदानाच्या भिंतीवर त्याविरुद्ध भलंमोठं चित्र काढलं. परवानगी नव्हती म्हणून आधी दंड झाला, चित्रही गेलं. पण नंतर त्याच भिंतीवर त्याला पुन्हा काढू दिलं. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध त्यानं पोस्टर काढलं. बर्लिन शहराचे दोन तुकडे करणाऱ्या भिंतीवर त्यानं हातात हात गुंफलेल्या माणसांची लांबच लांब साखळी रंगवली. तिच्यावर लवकरच दुसऱ्यांनी रंग फासला. पुढं, १९८९ मध्ये, ती भिंतच कोसळली!

आणि मग, १९८८ मध्ये, डॉक्टरांनी कीथला सांगितलं की, त्याला एड्स झाला आहे.

मुलांनो, त्या काळात हा शब्द उच्चारायलासुद्धा लोक घाबरत. आजाराला नीटसं औषध नव्हतं. जे एक-दोन उपाय निघाले होते ते फार काळ तग धरू देत नसत. कीथचे कितीतरी मित्र त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते. आणि आजारापेक्षाही वाईट होती ती लोकांची वागणूक. रोग्यांना घरातून काढत, कामावरून काढत. कीथ समलिंगी होता, म्हणजे त्याचं प्रेम पुरुषांवर होतं. हेही त्यानं कधी लपवलं नव्हतं. अशा माणसांना तर लोक म्हणत, तुमचं पाप तुम्हांला भोवलं. खरं तर आजार हा आजार असतो. तो पाप-पुण्य बघून येत नाही.

बहुतेक जण आजार लपवत. कीथनं लपवला नाही. त्यानं मुलाखतीत उघडपणे सांगितलं, मला एड्स आहे. १९८९ मध्ये त्यानं स्वतःच्या नावाची एक संस्था स्थापन केली. आपल्या माघारी आपल्या चित्रांचा पैसा एड्सच्या रुग्णांसाठी आणि मुलांसाठी वापरला जावा, अशी व्यवस्था केली. ती संस्था आजही काम करते.

त्याच वर्षी त्यानं एक पोस्टर काढलं. तीन माणसं एका रांगेत. पहिल्यानं डोळे झाकलेत, दुसऱ्यानं कान, तिसऱ्यानं तोंड. तुम्ही म्हणाल, ही तर गांधीजींची तीन माकडं! दिसायला तशीच, पण अर्थ अगदी उलटा. वर लिहिलंय, अज्ञान म्हणजे भीती. खाली लिहिलंय, गप्प बसणं म्हणजे मरण. वाईट बघू नये, हे खरंच. पण समोर एखाद्यावर संकट आलंय आणि आपण डोळे, कान, तोंड झाकून बसलो, तर ते शहाणपण नव्हे. तो भित्रेपणा झाला.

मावसभावानं हे पोस्टर मला मोबाइलवर दाखवलं, तेव्हा मला त्या तिसऱ्या माणसाच्या जागी मीच दिसले. तोंडावर हात ठेवलेली बाई.

आपल्याजवळ वेळ थोडा आहे, हे कळल्यावर कीथनं काय केलं? तो झपाट्यानं कामाला लागला. १९८९ च्या मे महिन्यात शिकागोत सुमारे ५०० शाळकरी मुलांना घेऊन त्यानं लांबलचक चित्र रंगवलं. जूनमध्ये इटलीतल्या पिसा गावी एका चर्चच्या मागच्या भिंतीवर तीस माणसं काढली. (झुकत्या मनोऱ्याचं पिसा, तेच!) चित्राचं नाव ‘तुत्तोमोंदो’, म्हणजे ‘सारं जग’. त्यात एक आई बाळाला घेऊन उभी आहे, कुणी डॉल्फिनला खांद्यावर घेतलंय, आणि दोन माणसं मिळून कात्री झालीत अन् एका सापाला कापतायत. भिंत भरून नुसता आनंद! हे चित्र आजारी माणसानं काढलंय, असं कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

१६ फेब्रुवारी १९९० रोजी कीथ हॅरिंग गेला. वय ३१. त्याचं ‘अपूर्ण चित्र’ नावाचं एक चित्र आहे, १९८९ सालचं. कॅनव्हासच्या डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात जांभळ्या रंगावर दाटीवाटीनं आकृत्या काढल्यात. तिथून रंगाचे ओघळ खाली आलेत. बाकी सगळा कॅनव्हास कोरा. त्याला ते पूर्ण करता आलं नाही, असं नाही. त्यानं ते मुद्दामच तसं सोडलं. त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं की कळतं, किती चित्रं यायची राहून गेली.

ही कहाणी ऐकली त्या रात्री मला झोप लागली नाही. सोमवारी मी शाळेत जायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले आणि तिथल्या नर्सबाईंना सगळं विचारलं. जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, ते. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा, आणि आईबाबांनाही वाचून दाखवा.

एचआयव्ही नावाचा एक विषाणू असतो. तो शरीराची रोगांशी लढायची ताकद हळूहळू कमी करतो. उपचार घेतले नाहीत आणि ही ताकद फारच खालावली, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. हा विषाणू न तपासलेल्या रक्तातून, दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून, असुरक्षित शरीरसंबंधातून, किंवा उपचार झाले नाहीत तर आईकडून बाळाला जाऊ शकतो. शेजारी बसल्यानं तो होत नाही. हातात हात घेतल्यानं होत नाही. एका पंगतीत, अगदी एका ताटात जेवल्यानंही होत नाही. खोकल्यानं होत नाही, डास चावल्यानंही नाही. १९९६ च्या सुमारास दोन-तीन औषधं एकत्र देण्याची चांगली उपचारपद्धत निघाली. कीथला आणखी सहा वर्षं मिळती तर! आपल्याकडे २००४ पासून ही औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती नियमानं घेणारी माणसं नोकरी करतात, संसार करतात, म्हातारी होतात. आणि २०१७ मध्ये आपल्या संसदेनं कायदा केला आहे. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला शाळेत, नोकरीत, दवाखान्यात दूर लोटता येत नाही. पुढच्याच वर्षी तो लागूही झाला.

माझ्या वर्गातल्या त्या मुलाला आजार होता का? मला ठाऊक नाही. विचारायचा मला अधिकारही नव्हता. आणि उत्तर काहीही असलं, तरी त्याची जागा खिडकीपाशी नव्हती, सगळ्यांच्या मध्ये होती.

त्या सोमवारी मी वर्गाला कीथ हॅरिंगची गोष्ट सांगितली. मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. मग मी त्या मुलाला फळ्यापाशी बोलावलं आणि खडू त्याच्या हातात दिला. त्यानं नाचणारा एक माणूस काढला. मग दुसऱ्या मुलानं त्या माणसाच्या हाताला हात लावून आणखी एक काढला. मग तिसरीनं. फळा भरला, तशी साखळी मागच्या पट्ट्यावर गेली. दुपारी खिचडीच्या पंगतीत मी स्वतः त्याच्या शेजारी ताट घेऊन बसले. दुसऱ्या बाजूला कोण आलं माहीत आहे? जिच्या आईला घोर लागला होता, तीच मुलगी. मी तिला बोलावलं नव्हतं.

शनिवारी पालकसभा घेतली. नर्सबाई आल्या, त्यांनी समजावलं. काही पालकांना पटलं. एका वडिलांना नाही पटलं. त्यांनी मुलाचं नाव आमच्या शाळेतून काढलं. काढू दे. या वेळी मी घाबरले नाही.

त्याची जागा मी पहिल्यासारखी पुढच्या रांगेत केली. पण एक गोष्ट राहून गेली, मुलांनो. मी त्याच्याशी खोटं बोलले होते, हे मी त्याला कधीच सांगितलं नाही. लाज वाटायची. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले. दिवाळीच्या सुट्टीत त्याची आई त्याला घेऊन कायमची माहेरी गेली. सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा त्याच्या जागी नुसतं बसकर होतं.

तेव्हापासून दरवर्षी १६ फेब्रुवारीच्या आसपास आमच्या वर्गात आम्ही एक दिवस कीथ हॅरिंगचा म्हणून ठेवतो. मुलं मागच्या पट्ट्यावर एकमेकांचे हात धरलेली माणसं काढतात. संध्याकाळी ती पुसली जातात. मुलं हळहळत नाहीत. उद्या परत काढता येतात, हे त्यांना माहीत असतं. खडूची रेघ पुसली तरी काही बिघडत नाही. जे बोलायला हवं होतं आणि बोललं गेलं नाही, ते मात्र मनावरून कशानं पुसलं जात नाही.

म्हणून सांगते. तुमच्या वर्गातही कुणीतरी एकटं बसत असेल. कुणाच्या ताटाशेजारची जागा रिकामी असेल. कारण काहीही असो, उठा आणि तिथं जाऊन बसा. आणि मोठी माणसं कुणाबद्दल हळू आवाजात बोलत असतील, तर सरळ विचारा, हे खरं आहे का? कुणाला विचारून खात्री केलीत? मोठी माणसंसुद्धा घाबरतात, मुलांनो. बाईसुद्धा.

तो मुलगा आता वीस-एकवीस वर्षांचा असेल. कुठं आहे, मला माहीत नाही. अजून चित्रं काढत असेल, असं मला आपलं वाटतं. हा अंक त्याच्या हाती पडेल न पडेल. पण पडलाच, तर त्याच्यासाठी एवढंच लिहिते.

तू उंच नव्हतास रे. फळा सगळ्यांना दिसत होता. मी खोटं बोलले होते. चुकलं माझं.